अमिलोराइडने एनएचई१ थांबत नाही, म्हणजे ते पेशीत नाहीच का?

एनएचई१ हे पेशीपटलातलं, सोडियम आत घेऊन प्रोटॉन बाहेर टाकणारं प्रथिन, आणि अमिलोराइड हे त्याला अडवणारं औषध. प्रश्न थोडक्यात असा आहे. एनआयएच ३टी३ फायब्रोब्लास्ट पेशींत बीसीईसीएफ हा पीएचनुसार चमक बदलणारा रंग भरून आतला पीएच मोजला. हेपेस बफरच्या द्रावणात २० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड दहा मिनिटं दिलं आणि काढून घेतलं, म्हणजे पेशी आतून आम्ल होतात. पीएच ६.६ पर्यंत उतरला, मग सावकाश वर चढला. १० मायक्रोमोलर अमिलोराइड घातल्यावर चढण्याचा वेग जेमतेम ३० टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्या प्रयोगात, त्याच हेपेस द्रावणाची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची एकूण मात्रा) ३०० वरून ४५० मिलिऑस्मोलवर नेली. पेशी आकसल्या, पीएच किंचित वाढला, पण अर्ध्या तासानंतरही त्या पूर्वीच्या आकारावर आल्या नाहीत. तर या पेशींत एनएचई१ आहे का, आणि असेल तर काम का करत नाही?

माझ्या मते ते आहे आणि कामही करतंय. तुमचे दोन्ही आकडे तेच सांगतात. पहिल्या प्रयोगात औषधाची मात्रा सोडियमच्या मानाने कमी पडली. दुसऱ्या प्रयोगात या प्रथिनाच्या जोडीदाराला लागणारं बायकार्बोनेटच तुमच्या द्रावणात नव्हतं. गंमत म्हणजे, बायकार्बोनेट नसलेलं जे हेपेस द्रावण पहिल्या प्रयोगासाठी अगदी योग्य, तेच दुसऱ्या प्रयोगाचा घात करतं.

आधी प्रथिनाचा स्वभाव. एनएचई१ पेशीपटलात बसून बाहेरचा एक सोडियम आत घेतं आणि आतला एक प्रोटॉन बाहेर टाकतं. देवाणघेवाण एकास एक, त्यामुळे विद्युतभार हलत नाही आणि पटलावरच्या व्होल्टेजचा त्यावर थेट परिणाम होत नाही. माणसातलं एनएचई१ ८१५ अमिनो आम्लांचं आहे, त्याचं जनुक १९८९ मध्ये हाती लागलं. ऊर्जेचा हिशोब केला तर बाहेर १४० आणि आत साधारण १४ मिलिमोलर सोडियम, म्हणजे दहापट फरक. एवढ्या जोरावर ते आतला पीएच बाहेरच्यापेक्षा एका अंकाने वर, ८.४ पर्यंत नेऊ शकेल. प्रत्यक्षात ते ७.२ च्या आसपास जवळपास थांबतं. कारण आतल्या बाजूला प्रोटॉनसाठी आणखी एक जागा आहे, जी वाहतुकीत भाग घेत नाही, फक्त यंत्र चालू-बंद करते. आत आम्लता वाढली की ती भरते आणि वेग झपाट्याने चढतो, आम्लता सरली की वेग पडतो. वाढघटक, सीरम किंवा पेशी आकसणं यांमुळे हा थांबण्याचा बिंदू वर सरकतो. पुढचे जवळपास सगळे घोटाळे या एका गोष्टीतून निघतात.

आता अमिलोराइड. ते बाहेरच्या सोडियमशी त्याच जागेसाठी झगडतं. संदर्भांत एनएचई१ साठी काही मायक्रोमोलरचे जे आकडे दिसतात, ते बहुतेक कमी सोडियममध्ये मोजलेले असतात. तुमच्या द्रावणात सोडियम १४० मिलिमोलर होतं. समजा, औषधाचा स्वतःचा स्थिरांक (सोडियमची स्पर्धा नसताना निम्मं काम थांबवणारी मात्रा) ३ मायक्रोमोलर आहे, आणि सोडियम २० मिलिमोलर असताना प्रथिन निम्म्या वेगाने चालतं. मग निम्मं काम थांबवायला ३ गुणिले (१ अधिक १४० भागिले २०), म्हणजे २४ मायक्रोमोलर अमिलोराइड लागेल. १० मायक्रोमोलरला किती थांबेल? १० भागिले ३४, म्हणजे २९ टक्के. तुम्हाला ३० मिळाले. हे दोन स्थिरांक पेशीपेशीत बदलतात, त्यामुळे आकड्यांचा असा तंतोतंत मेळ योगायोग समजा. पण दिशा हीच आहे.

मग अमिलोराइड १ मिलिमोलर करावं का? एनएचई१ थांबेल, पण तेवढ्या मात्रेत ते सोडियम-कॅल्शियम विनिमयासकट बरंच काही अडवतं. शिवाय अमिलोराइड स्वतः चमकतं. अतिनील आणि निळ्या प्रकाशाच्या सीमेवर त्याची चमक मोठी असते, आणि ती रंगाच्या ४४० नॅनोमीटरच्या वाचनात मिसळली की, ज्यावरून पीएच काढतो ते ४९० आणि ४४० चं गुणोत्तर खोटं खाली येतं. नसलेली आम्लता दिसू लागते. म्हणून कोणतंही रोधक आधी रंग न भरलेल्या पेशींवर टाकून दोन्ही तरंगलांबींचं वाचन घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तरीही हेच सर्वांत जास्त वेळा राहून जातं.

मी अशा ठिकाणी कॅरिपोराइड हे एनएचई१ वर जास्त नेमकं लागणारं रोधक सुचवतो. कमी सोडियममध्ये एनएचई१ निम्म्यावर आणायला ते एका मायक्रोमोलरच्या दहाव्या भागाहूनही कमी पुरतं, त्याच कुटुंबातल्या एनएचई२ ला एक-दीड मायक्रोमोलर लागतं, आणि एनएचई३ ला हजाराच्या आसपास. भरपूर सोडियममध्ये हे आकडे वर सरकतील, पण त्यांच्यातली दरी राहते. म्हणून एकच मात्रा न देता ०.१, १ आणि १० मायक्रोमोलर अशी शिडी लावा. १ मायक्रोमोलरला वेग मोठ्या प्रमाणात पडला आणि १० ला जवळजवळ शून्य झाला, तर एनएचई१. १० ला फारसं काहीच झालं नाही, तर दुसरा कुणीतरी. फायब्रोब्लास्टमध्ये बहुधा एनएचई१ च असतं. आतड्याच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशी असत्या तर एनएचई२ आणि एनएचई३ चा विचार आधी करावा लागला असता.

जाता जाता, कॅरिपोराइड औषधाच्या दुकानात मिळणार नाही. हृदयाच्या स्नायूंचं नुकसान रोखण्यासाठी त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. बायपास शस्त्रक्रियेच्या रुग्णांत हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण मेंदूतल्या आघातांमुळे मृत्यू वाढले, आणि ते औषध म्हणून पुढे गेलं नाही. संशोधनाचं रसायन म्हणूनच ते मागवावं लागतं.

तुमच्या प्रयोगाच्या मांडणीतही एक अडचण आहे. अमोनियम काढल्यावर तुम्ही लगेच सोडियमचं द्रावण दिलं. त्यामुळे अमोनिया बाहेर पडून पीएच खाली येण्याचं काम आणि एनएचई१ ने तो वर ओढण्याचं काम एकाच वेळी चाललं. ६.६ हा तळ त्या दोघांच्या रस्सीखेचीचा निकाल आहे. रोधक घातलं की ओढणारा एक हात सुटतो, तळ ६.४ वर जातो, आणि आतली आम्लता जास्त असल्यामुळे उरलेली यंत्रं जोरात धावतात. मग तुम्ही दोन वेगवेगळ्या पीएचवरचे वेग शेजारी ठेवून टक्केवारी काढता, आणि रोध कमी भासतो.

त्यावर उपाय मधल्या पायरीचा. सोडियम द्रावणात दोन-तीन मिनिटं आधाररेषा घ्या. मग २० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड तेवढंच सोडियम क्लोराइड कमी करून द्या, म्हणजे ऑस्मोलॅरिटी तीच राहील. पाच ते दहा मिनिटं. अमोनिया लगेच आत शिरून पीएच वर उडवतो, मग अमोनियम आयन पोटॅशियमच्या वाटांनी, सोडियम-पोटॅशियम पंपाने आणि एनकेसीसी१ ने (सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र आत आणणारं प्रथिन) सावकाश आत झिरपतात आणि पीएच थोडा उतरत जातो. हा उतार महत्त्वाचा, कारण आत जमलेले हेच आयन नंतर प्रोटॉन मागे ठेवून अमोनिया म्हणून निघून जातात. उतार दिसत नसेल तर नंतरची आम्लताही कमीच मिळेल, वेळ वाढवा. त्यानंतर अमोनियम आणि सोडियम दोन्ही नसलेलं द्रावण, ज्यात सोडियमच्या जागी एनएमडीजी हा मोठा धनभारित रेणू असतो. पीएच खाली जाईल आणि तिथेच सपाट राहायला हवा. तो दोन-तीन मिनिटं पाहा. मग सोडियम परत द्या, एका कव्हरस्लिपला (पेशी वाढवलेली पातळ काच) रोधकासह आणि दुसऱ्याला त्याविना.

सोडियम नसतानाही पीएच चढत असेल तर थांबा. सर्वांत साधं कारण द्रावणातच असतं. हेपेसचा पीएच जुळवताना सवयीने सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उचलली जाते आणि ‘सोडियमरहित’ द्रावणात पाच-सात मिलिमोलर सोडियम जातं. एवढ्यावर आम्लतेने पेटलेलं एनएचई१ सहज चालतं. एनएमडीजी स्वतःच तीव्र अल्कली आहे, म्हणून त्याचं द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लाने ७.४ वर आणा, सोडियमची बाटली जवळ ठेवूच नका. हे तपासूनही चढ राहिला तर प्रोटॉन पंपाचा संशय घ्या आणि तो अडवणारं बॅफिलोमायसिन १०० नॅनोमोलर देऊन पाहा.

तुलना नेहमी एकाच पीएचवर करा. चढाच्या रेषेला घातांकी वक्र बसवून ६.७ ला उतार काढा, दोन्ही गटांचा. नुसता ‘पहिल्या दोन मिनिटांचा वेग’ देऊ नका.

पीएचचा वेग म्हणजे प्रोटॉनचा प्रवाहही नव्हे. तो बफर क्षमतेने (पीएच एक अंक हलवायला किती प्रोटॉन लागतात त्या आकड्याने) गुणावा लागतो. क्षमता मोजायला सोडियमरहित, बायकार्बोनेटरहित द्रावणात अमोनियम २०, १०, ५, २.५, १, ० असं पायरीपायरीने उतरवा आणि प्रत्येक पायरीला पीएच किती पडला ते टिपा. बाहेर पीएच ७.४ असताना, १० मिलिमोलरला आत ७.३५ असेल तर आतलं अमोनियम सुमारे ११.२ मिलिमोलर. ५ ला आत ७.२ असेल तर ७.९. फरक ३.३, भागिले ०.१५, म्हणजे क्षमता सुमारे २२ मिलिमोलर प्रति पीएच अंक. मग मिनिटाला ०.१५ अंकांचा चढ म्हणजे मिनिटाला ३.३ मिलिमोलर प्रोटॉन. बऱ्याच पेशींत पीएच खाली गेला की ही क्षमता वाढते, त्यामुळे ७.२ चा आकडा ६.६ ला वापरला तर प्रवाह कमी दिसेल. दोन उपचारांत क्षमता तीच राहते हेही गृहीत धरू नका. उपचाराने पेशींचा आकार बदलत असेल तर बदलेलच.

आकड्यांवर विश्वास बसण्याआधी कॅलिब्रेशन. रंगाच्या ४९० आणि ४४० नॅनोमीटरच्या उत्तेजनाचं गुणोत्तर, ५३५ ला वाचन. बीसीईसीएफचा एस्टर, म्हणजे त्याचं पेशीत शिरणारं रूप, १ ते २ मायक्रोमोलर २०-३० मिनिटं पुरतो. जास्त दिला तर आतल्या कप्प्यांतही शिरतो. शेवटी १४० मिलिमोलर पोटॅशियम आणि १० मायक्रोमोलर नायजेरिसिन (पटलातून पोटॅशियम आणि प्रोटॉनची अदलाबदल करणारं रसायन) असलेली ६.४ ते ७.६ ची चार द्रावणं द्या, प्रत्येकाला पाच-आठ मिनिटं, रेषा सपाट होईपर्यंत. हे सगळं आत-बाहेर पोटॅशियम समान आहे या गृहीतावर चालतं. आत ११० असेल आणि बाहेर १४०, तर तुमचा पीएच ०.१ ने चुकेल. दोन गटांच्या तुलनेत एवढी चूक सहसा खपते, पण स्थिर पीएचचा आकडा छापायचा असेल तर नाही.

नायजेरिसिन नळ्यांना आणि चेंबरला चिकटतं, आणि पाण्याने जात नाही. पुढच्या दिवशीच्या पेशी त्यातला अंशही घेऊन पोटॅशियम आणि प्रोटॉनची अदलाबदल करू लागतात. अमोनियम काढल्यावर पीएच नीट उतरत नाही, रोधक लागू पडत नाही, आणि कुणाला कारण कळत नाही. कॅलिब्रेशनसाठी वेगळी नळी, वेगळा चेंबर ठेवा. ते शक्य नसेल तर इथेनॉलने, मग अल्ब्युमिनच्या द्रावणाने धुवा. तुमचा ३० टक्क्यांचा आकडा दिवसागणिक बदलत असेल तर मी पहिला संशय इथे घेईन.

तापमानाचाही मान ठेवा. हेपेसचा पीएच दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१४ ने खाली सरकतो. २५ अंशांवर ७.४० ला जुळवलेलं द्रावण ३७ अंशांच्या चेंबरमध्ये ७.२३ च्या आसपास असतं. ज्या तापमानाला प्रयोग, त्याच तापमानाला पीएच जुळवा. आपल्याकडे मे महिन्यात बाकावरचं द्रावण ३४ ला आणि एसी लावलेल्या खोलीतलं २४ ला असतं. ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द वहीत लिहूच नका.

पेशींची अवस्था हा भाग परिस्थितीवर अवलंबून आहे. सीरममधून थेट उचललेल्या पेशींत एनएचई१ आधीच चेतवलेलं असतं. काही तास किंवा रात्रभर सीरमविना ठेवल्या तर आधाररेषा खाली येते, पण मग वाढघटकाचा परिणाम स्पष्ट दिसतो. काय विचारायचं आहे त्यावर ठरवा, फक्त सगळ्या गटांना सारखं करा. आणि द्रावणात ग्लुकोज विसरू नका. एनएचई१ स्वतः एटीपी जाळत नाही, तरी एटीपी घटलं की त्याचा वेग कोसळतो.

आता दुसरा प्रयोग, जो मला जास्त रंजक वाटतो.

पेशी ४५० मिलिऑस्मोलच्या द्रावणात मूळ आकारावर यायची तर तिच्यात प्रत्येक लिटरमागे १५० मिलिऑस्मोल जादा विद्राव्य जायला हवं. साधारण ७५ सोडियम आणि ७५ क्लोराइड. एनएचई१ एकटं काय देऊ शकतं? ते सोडियम आत आणतं, आणि बाहेर गेलेला प्रोटॉन बहुतांशी आतल्या बफरवरून सुटलेला असतो. त्या बफरचे रेणू आधीही आतच होते, त्यामुळे सोडियम हा निव्वळ नफा आणि पाणी त्याच्या मागे येतं. इथपर्यंत ठीक. पण प्रत्येक सोडियममागे पीएच चढतो, आणि आकसल्यामुळे थांबण्याचा बिंदू ०.२ ते ०.३ ने वर सरकला असला तरी तिथे पोचताच यंत्र मंदावतं. ०.३ गुणिले २२ म्हणजे सुमारे ६.६ मिलिमोलर सोडियम. गरज १५० ची. शंभरातले चार-पाच टक्के. एवढ्याने आकारात दिसण्याजोगा फरक पडणार नाही, आणि तुम्हाला पडलेला दिसला नाही. पीएच मात्र वाढलेला दिसला. तेच एनएचई१ चालल्याचं चिन्ह आहे.

बायकार्बोनेट असलं की चित्र पालटतं. ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि २४-२५ मिलिमोलर बायकार्बोनेट दिलं की डायऑक्साइड आत जाऊन प्रोटॉन आणि बायकार्बोनेट तयार करतो. प्रोटॉन एनएचई१ बाहेर टाकतं, बायकार्बोनेट एई२ हे प्रथिन क्लोराइडच्या बदल्यात बाहेर टाकतं. पीएच जवळपास जागेवर राहतो, म्हणून एनएचई१ थांबत नाही, आणि आत सोडियम क्लोराइड साचत जातं. पुढे सोडियम-पोटॅशियम पंप त्या सोडियमची जागा पोटॅशियमला देतो. थोडक्यात, आकार सावरणं हे दोघांचं काम आहे. म्हणूनच बायकार्बोनेटमध्ये आकसलेल्या पेशीचा पीएच हेपेसमध्ये चढतो तितका चढत नाही, आणि नवखे लोक नेमका तिथेच ‘एनएचई१ चेतलं नाही’ असा निष्कर्ष काढतात.

तेव्हा हा प्रयोग बायकार्बोनेट द्रावणात पुन्हा करा. सिलिकॉनच्या नळीतून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि चेंबरपर्यंत पोचताना द्रावण अल्कली होतं, म्हणून कमी झिरपणारी नळी घ्या, लांबी कमी ठेवा, आणि चेंबरमधल्याच द्रावणाचा पीएच एकदा मोजा. ऑस्मोलॅरिटी वाढवायला सोडियम क्लोराइड न घालता मॅनिटॉल किंवा सुक्रोज १५० मिलिमोलर घाला, म्हणजे सोडियमची मात्रा दोन्ही गटांत तीच राहील. नाहीतर पुन्हा रोधक आणि सोडियमची झगडाझगडी सुरू. एनकेसीसी१ अडवणारं १० मायक्रोमोलर ब्युमेटनाइड असलेला आणि नसलेला, असे दोन गट ठेवा. आकार सावरण्यात एनकेसीसी१ चाही हात असतो, आणि फायब्रोब्लास्टमध्ये तो मोठाही असू शकतो.

एवढं करूनही पेशी सावरल्या नाहीत तर घाबरू नका. अनेक पेशी सरळ ऑस्मोलॅरिटी वाढवल्यावर आकार सावरतच नाहीत. त्यांना आधी २०० मिलिऑस्मोलच्या पातळ द्रावणात ठेवावं लागतं. त्या फुगतात, मग पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर टाकून मूळ आकारावर येतात. त्यानंतर ३०० च्या साध्या द्रावणात आणलं की आकसतात, आणि या वेळी एनएचई१ आणि एई२ जोमाने चालू होतात. लिंफोसाइटमध्ये हा फरक फार ठळक दिसतो. तुमच्या ३टी३ मध्ये किती दिसेल ते करूनच कळेल.

प्रथिन असल्याचा थेट पुरावा हवा असेल तर वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं जेलवर वेगळी करून प्रतिपिंडाने हवं ते ओळखणं. परिपक्व, साखर लागलेलं एनएचई१ ११० किलोडाल्टनच्या आसपास रुंद पट्टा देतं, अर्धकच्चं ८५ च्या आसपास. नमुना उकळू नका. पटलातली प्रथिनं उकळल्यावर गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतात, आणि ‘एनएचई१ नाही’ असं खोटं उत्तर मिळतं. ३७ अंशांवर अर्धा तास पुरे. मात्र पट्टा दिसला म्हणजे पटलावर चालू प्रथिन आहे असं ठरत नाही. त्यासाठी पीएस१२० पेशी मागवता आल्या तर उत्तम. या हॅम्स्टरच्या फुप्फुसातल्या फायब्रोब्लास्टपासून काढलेल्या, एनएचई१ नसलेल्या पेशी आहेत. त्याच दिवशी, त्याच द्रावणांनी त्या चालवा. त्यांचा पीएच सपाट राहिला आणि तुमच्यांचा चढला, तर वाद मिटला. त्यांचाही चढला तर द्रावण बघा.

एम्पाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध हृदयपेशींतलं एनएचई१ अडवतं की नाही, यावर शास्त्रज्ञांत उघड वाद झाला आहे. काही गटांना रोध दिसला, काहींना मुळीच दिसला नाही. तुम्ही काम करताय तो आम्लभार, रंग आणि रोधक यांचाच तो प्रदेश आहे, त्यामुळे तुमच्या वहीत द्रावणाची रचना, तापमान, सोडियमची मात्रा आणि उतार कुठल्या पीएचला काढला, एवढं प्रत्येक धावेला लिहून ठेवा.

सुरुवात कुठून करायची असेल तर मी आधी कॅरिपोराइडची शिडी, मध्ये एनएमडीजीची पायरी घालून, एका दिवसात चार कव्हरस्लिपवर उरकेन. बायकार्बोनेटचा प्रयोग दुसऱ्या दिवशी. आणि कॅलिब्रेशन त्या दिवसाचं शेवटचं काम म्हणून, वेगळ्या नळीतून.